बागेतला सेन्सर आणि साडेआठ सेंटिमीटरची तार

प्रश्न : द्राक्षबागेत ओलावा मोजणारे सेन्सर लावायचे आहेत. घर दीड किलोमीटरवर आहे. रेडिओ आणि अँटेना कोणती घ्यावी?

उत्तर : वाय-फायचा विचार या वाचकाने सोडलेलाच बरा, त्याचा पल्ला तोकडा आणि बॅटरीची भूक मोठी. इथे लोरा हा लांब पल्ल्याचा, कमी विजेचा रेडिओ शोभतो. त्याची एसएक्स 1262 ही चिप झोपेत जेमतेम एक मायक्रोअँपिअरच्या आसपास वीज घेते, ऐकताना सुमारे 5 मिलिअँपिअर. तासाला एकदाच बोलणाऱ्या सेन्सरला एवढी काटकसर हवीच.

भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्याविना वापरता येतो. बाजारात 915 मेगाहर्ट्झचे मॉड्यूल सर्रास मिळते. ते या पट्ट्याबाहेरचे, म्हणून घेऊ नये.

खरी गफलत अँटेनात होते. 866 मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे 34.6 सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा म्हणजे साडेआठ सेंटिमीटरांहून किंचित जास्त. तेवढी सरळ, उभी तार उत्तम काम देते. मात्र तिच्या पायाशी तांब्याचा पुरेसा पृष्ठभाग हवा, आणि डबी प्लॅस्टिकची. पत्र्याच्या डबीत लहरी कोंडतात. ओली पानेही लहरी शोषतात. म्हणून सेन्सर मातीत राहू द्यावा आणि अँटेना मांडवाच्या वर, बांबूवर चढवावी. महागड्या मॉड्यूलपेक्षा ही उंची जास्त कामाची.