परक्या समुद्रात उतरताना

ओतूर हे काही समुद्राचं गाव नाही. मांडवी नदी, काठावरचं कपर्दिकेश्वराचं मंदिर, कांद्याचा बाजार आणि पश्चिमेला माळशेजचा घाट, एवढा आमचा भूगोल. तरीही या भागातून स्कूबासाठी मालदीव, थायलंड, इजिप्त गाठणारी मंडळी आता सहज भेटतात. कुणी पाण्याखालचा पहिला श्वास तारकर्लीत घेतलेला असतो, कुणी अंदमानात. मीही त्यांच्यातलीच एक. परदेशातल्या समुद्रात मासे, प्रवाळ पाहिले ते पाहिलेच. पण घरी आल्यावर मनात जास्त घोळत राहिले ते तिथले नियम. ते सुरुवातीला अडथळा वाटतात, मग हळूहळू त्यांच्यामागची माणसं दिसू लागतात. त्याचेच हे बोल.

१. खिशातलं डायव्हिंगचं कार्ड आपण काय शिकलो ते सांगतं. कुठे किती खोल जायचं ते तो देश ठरवतो. डीप डायव्हिंगचा कोर्स केला की ४० मीटरपर्यंतचं कार्ड मिळतं. मालदीवमध्ये मात्र २००३ च्या नियमावलीनुसार हौशी डायव्हरला ३० मीटरची मर्यादा आहे, आणि वर येताना टप्प्याटप्प्याने थांबणं भाग पडेल इतका वेळ खाली राहण्यालाही मनाई आहे. मला आधी वाटलं होतं, हा नियम नवशिक्यांसाठी असेल. पण आमचा गाइड तिथलाच, लहानपणापासून त्याच पाण्यात वाढलेला, आणि तोही मनगटावरच्या कॉम्प्युटरवर आकडा तिशीकडे सरकला की हाताने खूण करून सगळ्यांना वर घ्यायचा. कारण नकाशा पाहिला की कळतं. शेकडो बेटं समुद्रात विखुरलेली. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, तसा अंगात नायट्रोजन मुरत जातो. घाईने वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात आणि माणसाला दाबाच्या चेंबरमध्ये ठेवावं लागतं. असे चेंबर मोजक्याच बेटांवर. तिथवर बोटीने किंवा सी-प्लेनने पोहोचेपर्यंत जो वेळ जातो, तो या ३० च्या आकड्यात धरलेला आहे. शिवाय विम्याचे कागद नीट वाचावेत: स्थानिक कायदा मोडून केलेल्या डाइव्हचा खर्च कंपनी देईलच, असं समजू नये.

२. सुरक्षेसाठी घेतलेली वस्तूच कुठे कुठे बंद असते, हे मला सर्वांत अनपेक्षित होतं. हातमोजे आणि चाकू. आपण दुकानातून कौतुकाने घेतो. मोज्यांनी हात खरचटत नाहीत, चाकूने अडकलेलं जाळं कापता येतं. इजिप्तच्या लाल समुद्रातल्या सागरी उद्यानांत आणि मेक्सिकोच्या कोझुमेलमध्ये हे दोन्ही नको म्हणतात. कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर हातमोजे चालत नाहीत, आणि तुम्ही कितीही जुने डायव्हर असा, तिथली माहिती ऐकून, एक ओळखीची डाइव्ह करून मगच पुढे सोडतात. हातमोज्यांमागचा विचार साधा आहे. उघड्या हाताचा माणूस प्रवाळाला धरायला कचरतो. मोजे असले की प्रवाह जोराचा आला रे आला, हात आपोआप आधार शोधतो. आणि तो आधार जिवंत असतो. गोल, भरीव प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते फार तर दोनेक सेंटिमीटर वाढतो. माणसाच्या डोक्याएवढा गोळा वाढायला कितीतरी दशकं जातात आणि मुठीच्या एका पकडीने त्याच्यावरच्या जिवंत थराला इजा होते. मोज्यांशिवाय उतरल्यावर माझं पोहणंच बदललं. हात छातीशी घडी घातलेले, हालचाल फक्त पायांची, लक्ष श्वासावर. श्वास घेतला की अंग जरासं वर, सोडला की खाली. तरंगणं हे कौशल्य मला त्या बंदीने शिकवलं. जाळं कापायचं असेल तर छोटी कात्री चालेल का, हे आधी डाइव्ह सेंटरला विचारावं, बरेचदा चालते.

३. कॅमेरा हासुद्धा हक्क मिळवूनच पाण्यात न्यायचा. थायलंडने २०२५ मध्ये नियम केला: पाण्याखाली फोटो काढायचे तर अ‍ॅडव्हान्स्ड पातळीचं कार्ड हवं किंवा किमान ४० डाइव्हची नोंद. ज्याला अजून तरंगता येत नाही, त्याच्या हातात कॅमेऱ्याची काठी दिली की त्याचे पाय कुठे आपटतात याचं भान त्याला राहत नाही. मला हा नियम मनापासून पटतो. आपल्या मालवणातही असायला हवा.

४. कायद्याचा भार तिथल्या माणसांनी आधीच उचललेला असतो. पाहुण्याच्या वाट्याला फक्त त्याचा मान राखणं येतं. हे मला समुद्रात कळलं, पण कळायची तयारी आमच्या जुन्नर-आंबेगाव भागाने करून दिली होती. आमच्याकडे वन्यजीव कायदा पुस्तकातून शिकावा लागत नाही. उसात बिबट्याची मादी पिलं घालते. रात्री गोठ्यातली शेळी जाते, कधी घरातलं माणूस जातं. तरीही १९७२ च्या कायद्याने त्या जनावराला संरक्षण आहे, आणि माणिकडोहला त्याच्यासाठी निवारा केंद्रही आहे. शेताला वीज रात्रीची, म्हणून पाणी द्यायला रात्रीच जायचं; जाताना सोबत घ्यायची, बॅटरी घ्यायची, मोठ्याने बोलत जायचं. पोरांना अंधार पडल्यावर अंगणात एकटं सोडायचं नाही. हे सगळं इथल्या माणसांनी अंगात मुरवून घेतलं आहे, आणि त्याची किंमतही मोजली आहे. मग शहरातून एखादी गाडी येते आणि काच खाली करून कुणीतरी विचारतं, ‘बिबट्या कुठे दिसेल?’

मालदीवमध्ये मी तीच गाडी असते. तिथे २०१० मध्ये शार्कची मासेमारी पूर्ण बंद केली गेली. व्हेल शार्कला तर १९९५ पासून संरक्षण आहे. या बंदीआधी शार्कच्या यकृताचं तेल आणि पंख विकून घरं चालत होती. ती माणसं अजून त्याच बेटांवर राहतात. कुणी बोट चालवतं, कुणी सिलिंडर भरून देतं. मी पैसे मोजून जो शार्क पाहते, तो तिथे आहे कारण कुणाच्या तरी वडिलांनी गळ आवरता घेतला. हे लक्षात आलं तेव्हापासून ‘पाठलाग करू नका, हात लावू नका, खायला घालू नका’ हे ऐकताना मनात कुरकुर उमटत नाही. पलाऊ नावाचा चिमुकला देश आहे पॅसिफिकमध्ये. त्याने २००९ मध्ये आपलं सगळं पाणी शार्कसाठी राखून ठेवलं. २०१७ पासून तिथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पासपोर्टवर एक प्रतिज्ञा उमटवतात आणि त्याखाली सही घेतात. ती प्रतिज्ञा पलाऊच्या मुलांना उद्देशून आहे. सरकारला नाही, मुलांना. आमच्या शाळांतली बिबट्याला जपून राहणारी मुलं मला त्या वेळी आठवली.

मालवणचंही असंच. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी धरून सागरी अभयारण्य जाहीर झालं, आणि आपल्या जाळ्यांचं काय होणार या काळजीने तिथल्या मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला. तो विरोध समजून घेतल्याशिवाय अभयारण्याचं कौतुक करणं मला आता जमत नाही.

५. समुद्रातून काही आणायचं नसतं. वाळूवर पडलेला मेलेला प्रवाळ, पोकळ शंख, कासवाच्या पाठीचा तुकडा, काहीही नाही. मालदीवमधून प्रवाळ आणि कासवाच्या वस्तू बाहेर नेता येत नाहीत. आपल्याकडेही प्रवाळ, समुद्रघोडे आणि अनेक शंखशिंपले वन्यजीव कायद्याच्या यादीत आहेत, म्हणजे इकडच्या विमानतळावरही सुटका नाही. बुडालेल्या जहाजांचंही तेच. लाल समुद्रातलं थिसलगॉर्म हे ब्रिटिश मालवाहू जहाज ६ ऑक्टोबर १९४१ ला जर्मन बॉम्बने बुडालं, नऊ माणसं गेली. पोटात मोटरसायकली, ट्रक, बूट अजून रचलेले आहेत. पण बरंच काही डायव्हरांनी उचलूनही नेलं आहे. ती नऊ माणसं आठवली की हात आपोआप मागे येतो.

६. नियम बोटीवर सुरू होत नाहीत, ते घरी बॅग भरतानाच सुरू होतात. संयुक्त अरब अमिरातीत फुजैराला डायव्हिंगला जाणारी मराठी कुटुंबं असतात, दिवाळीत फराळही सोबत जातो. तिथे खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे. म्हणजे अनारसे घरीच ठेवायचे. सर्दीने कान मोकळे होत नाहीत म्हणून डायव्हर ज्या गोळ्या बाळगतात, त्यांतल्या स्यूडोएफेड्रिनवर जपान, मेक्सिकोसारख्या देशांत कडक निर्बंध आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाचं मूळ पाकीट सोबत हवं, आणि त्या देशात ते चालतं का हे आधी पाहायला हवं. चाकू नेत असाल तर तो चेक-इनच्या बॅगेत. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेत, टोकं झाकून. सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेन्झोनसारख्या रसायनांवर पलाऊने २०२० मध्ये, हवाईने आणि थायलंडच्या सागरी उद्यानांनी २०२१ मध्ये बंदी लागू केली. त्यापेक्षा लांब बाह्यांचा रॅशगार्ड बरा. ड्रोन इजिप्तमध्ये परवानगीशिवाय नेऊच नये.

यातलं काही जाचक वाटलं तर एक आठवावं. समुद्रात संकट आलं तर उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र अनेक परदेशी प्रवासी सहज खिशात ठेवतात. आपल्या देशात ते परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे आणि त्यापायी परदेशी पाहुण्यांना आपल्या विमानतळांवर ताब्यात घेतलं गेलं आहे. त्यांनाही आपला कायदा आधी माहीत नव्हता.

७. प्रश्न विचारणाऱ्या पाहुण्याचा कुणाला राग येत नाही, उलट विश्वास बसतो. सिलिंडरचा नळ कोणत्या जातीचा, दाब बारमध्ये की पीएसआयमध्ये, सिलिंडरची चाचणी कधी झाली, बोटीवर ऑक्सिजन आहे का. नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजन वाढवलेलं मिश्रण, घेतलं तर त्यातलं ऑक्सिजनचं प्रमाण स्वतः मोजून वहीत सही करायची. ३२ टक्क्यांचं मिश्रण असेल तर साधारण ३३ मीटरच्या खाली जायचं नाही, कारण तिथून पुढे ऑक्सिजनच घातक होऊ लागतो. परदेशात हे सगळं विचारायची सवय लागली, आणि मग लक्षात आलं की आपल्या किनाऱ्यावर आपण काहीच विचारत नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर आहे का आणि बोटीत किती माणसं बसवली आहेत, हे मालवणात विचारायलाही तेवढाच हक्क आहे, जेवढा मालदीवमध्ये.

८. शेवटचा नियम आपल्या घाटाचा. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नाही हे सगळ्यांना पाठ असतं: एकच डाइव्ह असेल तर निदान १२ तास, जास्त असतील तर १८. पण हा सल्ला ६०० मीटरच्या वर कुठेही जाताना लागू होतो, विमान असो की रस्ता. जुन्नर-ओतूरचा हा पट्टा समुद्रसपाटीपासून ७०० मीटरांच्या आसपास आहे, गोवा-मालवणहून वर येतानाचं आंबोली ६९० मीटरवर. गोव्यात किंवा मालवणात सकाळी दोन खोल डाइव्ह करून दुपारी गाडी काढली, तर संध्याकाळच्या आत आपण घाटमाथ्यावर असतो. पर्यटकांना पाच-सात मीटरवर फिरवून आणतात, त्यात हा धोका फार कमी. पण कार्ड घेऊन खोल उतरणाऱ्यांनी हिशोब मांडावा. परतीची गाडी दुसऱ्या दिवसाची ठरवा, आणि ती एक रात्र खाली समुद्रकाठीच काढा.