अवसेची बैठक

आमच्या गावचं महिला मंडळ कागदावर बरीच वर्षं होतं. रबरी शिक्का होता, शाईचा पॅड वाळून गेला होता. २६ जानेवारीला झेंड्याखाली फोटो काढण्यापुरतं ते जागं व्हायचं. एका संक्रांतीला काही जणींनी मनावर घेतलं आणि बैठका दर महिन्याला भरू लागल्या. मी चिटणीस, म्हणजे वही आणि चावी सांभाळणारी. गाव वाई तालुक्यातलं, आलं, ऊस आणि हळदीचं. पहिल्या वर्षात जे कळलं ते इथे लिहिते. क्रमाला फारसा अर्थ नाही.

१. वेळ ठरली की कोण येणार तेही ठरतं.

सुरुवातीला दुपारी तीन ही वेळ ठेवली. जेवणं उरकलेली असतात, मुलं शाळेत असतात. आल्या त्या सगळ्या घरी असणाऱ्या. हळद काढायला रोजानं गेलेल्या बायकांपैकी एकही नाही. संध्याकाळी घ्यावी तर डेअरीला दूध घालायची घाई. रात्री आठनंतर बायका सिरियलमुळे येत नाहीत असं पुरुषमंडळी हसून सांगतात, पण त्या वेळी तव्यावर कुणाची भाकरी असते ते काही त्यांना दिसत नाही.

तोडगा काढला रोजानं जाणाऱ्या एका मावशींनी. "अवसेला घ्या की वैनी. औत धरत न्हाईत, आमालाबी सुट्टी." दोघी-तिघींनी नाकं मुरडली, चांगल्या कामाला अवस कशी चालेल? मावशी म्हणाल्या, "गप्पांला कसली आलीया अवस आन् कसली पुनव?" तेव्हापासून अवसेला पाच वाजता. सर्वपित्रीला घरोघर पानं वाढायची असतात आणि लक्ष्मीपूजनाला तर विचारायलाच नको, त्या दोन बैठका मागेपुढे कराव्या लागल्या. बाकी तिथी अशी पक्की की निरोपाचं अर्धं काम कालनिर्णयच करतं.

२. कुणाच्या घरी बैठक नको.

घर म्हटलं की त्या घराची भांडणं आली. बांधावरून बोलणं तुटलेली जाऊ येणार नाही. माडीवर जायला एखादी बुजेल. देवळाचा सभामंडप ऐसपैस आहे, पण दर वेळी चार-पाच जणी "आज जमत नाही" म्हणून पायरीवरच थांबायच्या. का, ते सगळ्यांना ठाऊक असतं. समाजमंदिर एका वस्तीत आहे, तिथे दुसऱ्या वस्तीतल्या बायका कारणं सांगतात. ती कारणं खरी नसतात हेही सगळ्यांना ठाऊक असतं. उरला शाळेचा व्हरांडा. पोरं सगळ्यांचीच तिथे शिकलेली.

३. खुर्च्या आणू नयेत.

कुणाच्या तरी उत्साहाने एकदा मंडपवाल्याकडच्या खुर्च्या आल्या. बायका आपापल्या आळीप्रमाणे रांगा धरून बसल्या, मागच्या रांगा कुणाच्या ते सांगायला नको. पुढच्या वेळी मोठं जाजम अंथरलं. जाजमावर मागची रांग राहत नाही. बायका गुडघ्याला गुडघा लावून बसतात, एकीचं तान्हं दुसरीच्या मांडीवर सरकतं.

ही युक्ती आमची नव्हे. सावित्रीबाई फुल्यांनी १८५२ च्या संक्रांतीला पुण्यात तिळगूळ समारंभ घेतला, तेव्हाच सगळ्या जातींच्या बायकांनी एकाच जाजमावर बसायचं असं आमंत्रणात कळवलं होतं. त्यांचं नायगाव आमच्या शेजारच्या खंडाळा तालुक्यातलं. ३ जानेवारीला तिथे गर्दी होते, आम्हीही गेलो होतो. येताना एसटीत एक आजी म्हणाल्या, "बाईनं येवडं केलं आन् आपण अजून जाजमच झटकतोय."

४. फक्त चहा.

पहिल्यांदा पोहे झाले. दुसऱ्यांदा वडे. तिसऱ्या वेळी गुलाबजाम आले तेव्हा जिची पुढची पाळी होती तिचा चेहरा मी पाहिला. त्या दिवशीच वहीत ठराव लिहिला: चहा, तोही मंडळाच्या साखरेचा. वाणाचंही तेच. प्लास्टिकच्या डब्यांची चढाओढ प्रत्येक गावात असते आणि ती गरीब घरांना महागात पडते.

५. सासू आणि सून एका बैठकीत असतील तर आधी खेळ घ्यावा, मग चर्चा.

सासू बसलेली असताना सून तोंड उघडत नाही. वेगळ्या बैठका घ्याव्यात, सुनांना भाषण द्यायला शिकवावं, असे सल्ले बाहेरून पुष्कळ मिळाले. आमचं काम दिव्याच्या अवसेनं केलं. पाच दिवसांवर नागपंचमी, म्हणून त्या बैठकीत पंचमीच्या खेळांची तालीम धरली. साठी ओलांडलेल्या एक काकू एरवी सुनेला कोपरानं ढोसून गप्प करणाऱ्या. त्या पदर खोचून उभ्या राहिल्या आणि जोडीला कुणी मिळेना म्हणून सुनेलाच ओढलं. अंगठ्याला अंगठे भिडले, हातांची कात्री झाली, दोघी मागे रेलल्या. फुगडीत समोरचीनं हात सोडला तर आपण आपटणार, तिथे मोठेपणा चालत नाही. शहाबादी फरशीवर पावलं थाडथाड वाजत होती. काकूंची एक बांगडी पिचली, तरी थांबेनात. शेवटी दोघी धापा टाकत एकाच खांबाला टेकल्या. त्यानंतर आरोग्य उपकेंद्राच्या वेळेचा विषय निघाला आणि पहिल्यांदा सून बोलली. काकू पाणी पीत होत्या, त्यामुळे असेल, पण मध्ये पडल्या नाहीत.

६. हळदी-कुंकवाचा प्रश्न टाळून टळत नाही.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. आमच्या बैठकीत हे वाचून दाखवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. पण पुढची संक्रांत आली तेव्हा विधवा बायका चहाचे कप विसळायला मोरीपाशी जाऊन बसल्या. कुणी पाठवलं नव्हतं.

ठराव सोपा, करंडा पुढे करणं अवघड. एका थोरल्या आत्यांपुढे करंडा नेला तर त्यांनी हात मागे घेतला. "मला तिळगूळ द्या, बास." दिला. हट्ट केला नाही, आणि ते बरंच झालं असं मला वाटतं. थोड्या वेळानं उखाण्यांची फेरी आली. आपली पाळी चुकवू पाहणाऱ्या एका नव्या सुनेला त्याच आत्या म्हणाल्या, "मी घेते आदी." आणि वीस वर्षांमागे गेलेल्या नवऱ्याचं नाव त्यांनी खणखणीत घेतलं, त्यात चक्क त्याच्या तंबाखूचा उल्लेख केला. हसण्याने व्हरांडा दणाणला. कुंकू त्यांनी त्या दिवशीही लावून घेतलं नाही. दुसऱ्या दोघींनी मात्र लावलं. कुणी किती पुढे यायचं ते जिचं तिनं ठरवावं, मंडळानं जागा रिकामी ठेवावी.

७. महिला सभेला तयारीने जावं.

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असा कायदा आहे. पुष्कळ ठिकाणी ती वहीतच होते, शिपाई वही घेऊन दारोदार फिरतो आणि बायका पिठाच्या हातानं सह्या करतात. पंचायतीत निम्म्या जागा बायकांना २०११ पासून आहेत, पण खुर्चीवर बसलेल्या बाईला विषय कुठून मिळणार? आमचा विषय अवसेला ठरला: नळाला पाणी पहाटे चारला येतं ते सहाला यावं. ऑगस्टच्या सभेत एकीनं मांडलं, बाकीच्यांनी "व्हय, व्हय" केलं. पाणी आता साडेपाचला येतं. अर्धा तास कुणी खाल्ला ते विचारायचं राहिलंय.

८. बचत गट आणि मंडळ एक करू नये.

गट हवेतच. आमच्या बऱ्याच जणी उमेदच्या गटांत आहेत, शेळी, शिलाई मशीन त्यातूनच आलं. पण जिचा हप्ता थकलाय ती गटाच्या बैठकीला तोंड लपवते. तिला यायला एक जागा अशी हवी जिथे तिच्या नावापुढे आकडा नसतो. तालुक्याहून आलेल्या एका साहेबांनी विचारलं, "मंडळाचं उद्दिष्ट काय?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं. एकजण म्हणाली, "बसायचं." त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

९. निरोप तोंडी द्यावा. व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, पण फोन पोराच्या हातात असतो.

१०. चावी वर्षाने दुसरीकडे द्यावी.

मी ती बारावी शिकलेल्या, दोन वर्षांपूर्वी गावात आलेल्या एका सुनेकडे दिली. तिनं वही पहिल्या पानापासून वाचली, साखरेचा हिशेब बरोबर असल्याचं सांगितलं आणि पहिला बदल जाहीर केला: चिटणिसाचं प्रास्ताविक बंद.