उद्यानातील घुबडे : ओळख व कर्तव्य

धर्मादाय न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत घुबडांवर लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. ज्या पक्ष्याचे नावही शुभप्रसंगी काढू नये असे वडीलधारी मंडळी सांगत आली, त्यास येथे जागा कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु बडोद्याच्या बागांतून हा पक्षी पिढ्यानपिढ्या आपला शेजारी आहे; आणि त्याचे जे अहित होते ते पुष्कळदा आपल्याच हातून, अज्ञानाने होते. अज्ञान घालविणे हे धर्मकार्यच होय; म्हणून आम्ही हा विषय निवडला.

शेजाऱ्यांची ओळख

आपल्या वस्तीत सहज आढळणाऱ्या जाती मुख्यतः दोन. पहिली पिंगळा. हा जेमतेम वीतभर, सुमारे २१ सें.मी. लांबीचा, अंगावर पांढरे ठिपके, डोळे पिवळे. तिन्हीसांजेला जोडीने फांदीवर येऊन बसतो व कलकलाट करतो. आपण पाहू लागलो की मान वरखाली करीत तोही आपल्याकडे टक लावून पाहतो. पिंगळ्याची भाषा आपल्याला कळते असे सांगत पहाटे दारोदार भविष्य कथन करणारा पिंगळा जोशी आपल्या घरांतील वृद्धांना आठवत असेल.

दुसरी जात गव्हाणी घुबडाची. लांबी सुमारे ३५ सें.मी.; चेहरा पांढरा, पत्त्यांतील बदामाच्या आकाराचा; डोळे काळे. जुने वाडे, देवळे, गोदामे ही त्याची वसतिस्थाने. रात्री त्याचा कर्कश चीत्कार ऐकून अनेकांना भुताचा भास होतो.

पिंगळा भुंगे, पतंग, नाकतोडे, पाली व लहान उंदीर खातो. गव्हाणी घुबडाचे मुख्य अन्न उंदीर व चिचुंद्र्या. त्याचे दोन कान एका पातळीत नसतात; त्यामुळे आवाज कोणत्या दिशेने व किती उंचीवरून आला हे त्याला बिनचूक कळते व गडद अंधारातही ते उंदीर धरते. पिसांच्या कडा मऊ झालरीसारख्या असल्याने उडताना आवाज होत नाही. न पचलेली हाडे व केस यांची गोळी करून ते ओकून टाकते. अशी गोळी झाडाखाली सापडल्यास वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून मुलांनी ती पाण्यात भिजवावी व आतील कवट्या मोजाव्यात. त्या पक्ष्याने किती उंदीर खाल्ले याचा हिशेब समोर येतो, आणि घुबड हे अशुभ की उपकारक या प्रश्नाचे उत्तर मुलांस आपोआप मिळते.

त्यांची खरी गरज

घुबडांना आपण अन्न घालण्याची गरज नाही. त्यांना हवी असते ती जागा. हे पक्षी काड्यांचे घरटे विणीत नाहीत. पिंगळा झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात, बहुधा नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, तीनचार अंडी घालतो. ढोली ही काही एका वर्षात होत नाही. फांदी मोडावी, लाकूड आत कुजत जावे, खोड पोकळ व्हावे, याला कित्येक वर्षे लागतात. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी वसविलेल्या सयाजीबागेसारख्या उद्यानातील जुन्या वृक्षांचे मोल या दृष्टीने फार मोठे आहे. आपल्या शहराचे नावच ‘वटोदर’, म्हणजे वडाचे उदर, या शब्दावरून आले असे सांगतात. त्या उदरातच पिंगळा नांदतो. आज लावलेले रोप घुबडाला घर देईल ते आपल्या नातवंडांच्या काळात. म्हणून शंभर रोपे लावण्याचा संकल्प करताना उभे असलेले एक पोकळ झाड राखण्याचाही संकल्प हवा.

आपण काय करावे

१. पोकळ किंवा वाळकी फांदी रस्त्यावर वा बाकांवर पडण्याचा धोका नसेल तर तोडू नये. तोडणे भागच असेल तर ढोलीत पिले नाहीत ना हे आधी पाहावे. विणीच्या काळात छाटणी टाळावी.

२. जुनी झाडे नाहीत तेथे लाकडी पेट्या टांगाव्यात. गव्हाणी घुबडाच्या पेटीत तळापासून भोक निदान ४५ सें.मी. उंच असावे, म्हणजे पिले अवेळी बाहेर पडत नाहीत. तळाला पाणी निथळण्यास बारीक छिद्रे ठेवावीत, आतून रंग देऊ नये व तोंड पावसाच्या झडीकडे नसावे. पेटी दिवाळीपूर्वीच बसवावी.

३. उंदरांसाठी विष घालू नये. ब्रोमाडिओलोनसारख्या विषाने उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्त होऊन फिरतो, सहज घुबडाच्या हाती लागतो व विष घुबडाच्या पोटात जाते. उष्टेखरकटे झाकून ठेवावे, बिळे बुजवावीत, पिंजरा लावावा.

४. दिव्याखालचे किडे पिंगळा आवडीने टिपतो. तेव्हा दिवा सर्वस्वी वाईट नव्हे. मात्र ढोलीच्या तोंडावर झोत टाकू नये व त्या झाडाखाली फटाके उडवू नयेत.

५. उत्तरायणानंतर झाडांत अडकलेला मांजा काढून जाळ्यांची विल्हेवाट लावावी. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. परंतु काचेची पूड लावलेला सुती दोराही पंख कापतो, आणि अंधारात उडणाऱ्या पक्ष्याला तो दिसत नाही.

६. पिलू खाली पडलेले दिसल्यास दूध किंवा पाव भरवू नये. जखम नसेल तर त्याच झाडाच्या उंच फांदीवर ठेवावे. आईबाप रात्री येऊन चारतात. जखमी असल्यास गुजरातेतील पशुसेवेच्या १९६२ या क्रमांकावर कळवावे.

भीतीविषयी दोन शब्द

घुबडाला दगड मारला तर ते तो उचलून नेते व घासते, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, ही समजूत आपण सर्वांनी ऐकली आहे. तिने काही घुबडांचे दगड चुकलेही असतील! पण भीतीची दुसरी बाजू भयंकर आहे. घुबडाला लक्ष्मीचे वाहन मानावयाचे आणि दिवाळीच्या सुमारास धनलाभासाठी त्याचाच बळी द्यावयाचा, हा प्रकार आजही चोरून चालतो. पक्षितज्ज्ञ अबरार अहमद यांनी या व्यापाराची पाहणी केली व २०१० मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घुबड पकडणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. असे कोठे दिसल्यास वनखात्यास कळविणे हे आपले कर्तव्य होय.

दान म्हणजे काही तरी देणे, अशी आपली सवय. येथे मात्र पुष्कळसे दान न करण्यातच आहे : न तोडणे, न विष घालणे, न हाकलणे. सभासद कुटुंबांना आमची एवढीच विनंती की, येत्या दिवाळीपूर्वी एका संध्याकाळी मुलांसह आपापल्या बागेत जावे, ढोली असलेली झाडे मोजावीत, आणि ती यादी उद्यानाच्या अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी. कुऱ्हाड येण्यापूर्वी ती यादी पोहोचली, तर एक संसार वाचेल.