घटक ४ : प्रवेशपुस्तिकेची भाषा – ‘पात्रता’ आणि ‘गुणवत्ता’

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
१. ‘पात्रता’ व ‘गुणवत्ता’ या संज्ञांतील भेद सांगता येईल.
२. प्रवेशनियमांचे अचूक वाचन करता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, प्रशासकीय मराठीत संज्ञेचा अर्थ नेमका ठरलेला असतो. तो निसटला, तर वाचकाचे प्रत्यक्ष नुकसान होते. नोकरी सांभाळून ४८ टक्के गुणांनी पदवीधर झालेल्या एका विद्यार्थिनीची कल्पना करा. तिला तीन वर्षांच्या विधी पदवीसाठी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात (स्थापना १८५५) किंवा पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयात (स्थापना १९२४) शिकायचे आहे. तेथील चुरस ऐकून ती अर्जच करत नाही. हा निर्णय योग्य आहे का?

विवेचन
‘पात्रता’ म्हणजे उंबरठा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पदवीला खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी किमान ४० टक्के गुण लागतात. येथे ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. उंबरठा ओलांडल्यावर ४८ टक्केवाला आणि ७८ टक्केवाला दोघेही सारखेच पात्र ठरतात.

‘गुणवत्ता’ म्हणजे पात्र उमेदवारांचा क्रम. महाराष्ट्रात तो मुख्यतः सामाईक प्रवेश परीक्षेतील, म्हणजे सीईटीतील, गुणांवरून लागतो. म्हणून ‘अर्ज करण्यास पात्र असेल’ या वाक्यात प्रवेशाची हमी नसते, आणि पदवीच्या कमी गुणांत नकारही नसतो. आपल्या विद्यार्थिनीने जुन्या गुणपत्रिकेची खंत बाळगण्यापेक्षा कायदाविषयक कल, तर्कक्षमता, सामान्य ज्ञान व इंग्रजी यांच्या तयारीला वेळ द्यावा.

मात्र एक अट काळजीपूर्वक वाचा. दूरशिक्षणाने घेतलेली पदवी त्याच कारणाने अपात्र ठरत नाही. पण दहावी-बारावीची मूलभूत अर्हता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदवी या नियमांनुसार विधी प्रवेशासाठी चालत नाही. टक्केवारी कितीही असली, तरी ही उणीव भरून निघत नाही.

सारांश
पात्रता दार उघडते. गुणवत्ता जागा ठरवते. नियम वाचताना ‘किमान’, ‘थेट’, ‘पात्र’ या शब्दांपाशी थांबा आणि त्या वर्षीची प्रवेशपुस्तिका स्वतः पाहा.

स्वाध्याय
१. ‘पात्र असेल’ व ‘प्रवेश दिला जाईल’ या क्रियारूपांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. कोणत्याही एका प्रवेशपुस्तिकेतील पात्रतेच्या अटी आणि गुणवत्तेचे निकष वेगळे करून लिहा.