न्यायकामासाठी अनुदान मागताय? आधी संस्थेची ऐपत तपासा
भोर-वेल्ह्यातल्या छोट्या संस्थांसाठी: काय लागते, काय फुकट मिळते, कुठे पैसे मोजावे लागतात

अनुदानाची जाहिरात आली की संस्था प्रस्ताव लिहायला बसते. पैसे देणारा मात्र प्रस्ताव वाचण्याआधी ताळेबंद उघडतो. भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, या भागात काम चांगले असूनही अनुदान न मिळण्याची किंवा मिळालेले मध्येच थांबण्याची कारणे बहुधा तिथेच सापडतात.

न्यायाच्या कामात हे थांबणे फार महागात पडते. बंधाऱ्याचे काम निधी संपल्यावर सहा महिने थांबले, तरी पुढे सुरू करता येते. वकीलपत्र दाखल झाल्यावर संस्थेने पगार बंद केले, तर तारखेला कोर्टात कोणी उभे राहत नाही. येरवड्यातला कच्चा कैदी जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी आत राहतो. कातकरी वस्तीवरच्या जातीच्या दाखल्याची फाइल प्रांत कार्यालयात पडून राहते. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत या धरणांच्या काठच्या गावांत जमिनीची प्रकरणे पिढ्यान्‌पिढ्या चालली आहेत. तिथे वर्षभर मदत करून निघून जाणारी संस्था लोकांचा उरलासुरला विश्वासही घालवते. म्हणून ऐपत तपासून घेणे हा अपमान समजू नये. देणाऱ्याने विचारण्याआधी संस्थेने हा प्रश्न स्वतःला विचारावा.

ऐपत म्हणजे बँकेतली शिल्लक नव्हे. पुढचा हप्ता तीन महिने लांबला तरी चालू प्रकरणे सोडावी लागणार नाहीत, एवढी ताकद म्हणजे ऐपत.

हप्त्याचे गणित

समजा, एका वर्षासाठी १२ लाखांचे अनुदान मंजूर झाले. दरमहा खर्च १ लाख. पैसे तीन हप्त्यांत येणार: ४० टक्के, ४० टक्के आणि २० टक्के. शेवटचा हप्ता वर्ष संपून ऑडिट आणि उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर. पहिल्या दोन हप्त्यांचे मिळून ९ लाख ६० हजार होतात, म्हणजे साडेनऊ महिन्यांची सोय. उरलेल्या काळाचे २ लाख ४० हजार संस्थेने आधी खिशातून घालायचे आणि मग वसूल करायचे. दुसरा हप्ता आठव्या महिन्याच्या सुरुवातीला आला, तर पाचव्या ते सातव्या महिन्यातही २ लाख २० हजारांची तूट पडते. म्हणजे या अनुदानासाठी संस्थेकडे स्वतःचे, कुठेही न अडकलेले, सुमारे अडीच लाख रुपये हवेत. ते नसतील तर १२ लाख मागू नयेत. ५ लाख मागावेत, किंवा हप्त्यांचे प्रमाण बदलून घ्यावे. करारावर सही होण्याआधी हे मोकळेपणाने बोलता येते. सही झाल्यावर येत नाही.

‘तेवढ्यापुरते कर्ज काढू’ असे अनेकांना वाटते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज घेता येत नाही. विश्वस्ताने घरचे पैसे घालून पगार भागवण्याची पद्धत गावोगाव आहे. हेतू चांगला असला, तरी ऑडिटमध्ये ते कर्ज म्हणूनच दिसते आणि तपासणारा तिथेच थांबतो.

मग राखीव पैसा उभा कसा करायचा? आयकर सवलत टिकवण्यासाठी संस्थेला उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी लागते. १५ टक्के विनाअट मागे ठेवता येतात. पण विशिष्ट कामासाठी आलेल्या अनुदानातून बचत करून चालत नाही, कारण न वापरलेली रक्कम बहुतेक वेळा परत करावी लागते. उरतात लोकांच्या देणग्या, सभासद वर्गणी आणि कायम निधी. देणगीदाराने ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असे लेखी दिले, तर ती वेगळी नोंदवून मुदत ठेवीत ठेवता येते. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेल्या भोरकरांकडून अशी लेखी देणगी मागावी. एका देणगीदाराचे पन्नास हजार आले, तर वरच्या उदाहरणातल्या गरजेचा पाचवा भाग तिथेच भागतो.

कागद: बरेचसे फुकट, पण वेळखाऊ

नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरची नोंदणी विनाशुल्क आहे. आयकराची १२-अ आणि ८०-जी नोंदणी विनाशुल्क आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी लागणारा सीएसआर-१ अर्जही विनाशुल्क आहे, फक्त त्यावर सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंट यांचे डिजिटल प्रमाणीकरण लागते. केंद्र सरकारचा पैसा घ्यायचा तर पीएफएमएस प्रणालीत संस्थेची नोंद हवी, तीही फुकट. टॅन क्रमांकाला नाममात्र शुल्क पडते. या कामांसाठी ‘पॅकेज’ म्हणून पंचवीस-तीस हजार मागणारे एजंट भेटतात. त्यात सरकारी शुल्क जवळपास नसतेच, हे लक्षात ठेवून घासाघीस करा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे. कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या क्रमांकाचा अर्ज कोणी भरून देत असेल, तर आधी सीएला दाखवा.

सर्वांत जास्त अडवणारा कागद मात्र धर्मादाय कार्यालयातला आहे: परिशिष्ट एकचा उतारा. त्यावर विश्वस्तांची नावे असतात. विश्वस्त बदलला, वारला किंवा राजीनामा दिला, तर ९० दिवसांत बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो दाखल करायचा असतो. गावाकडच्या कित्येक संस्थांच्या उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांची नावे अजून आहेत, आणि बँकेत सह्या तिसऱ्यांच्याच आहेत. अशा संस्थेला कोणताही जबाबदार देणगीदार पैसे देणार नाही, देऊही नयेत. प्रलंबित बदल अर्ज निकाली निघायला वेळ लागतो. म्हणून अनुदानाचा विचार मनात आला त्याच आठवड्यात पुण्याच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयातून उताऱ्याची प्रत काढा. भोरपासून पुणे ५० किलोमीटरच्या आसपास. ही फेरी सगळ्यात आधी करावी.

खरा खर्च माणसांचा

पुढचे आकडे अंदाजाचे आहेत. आपल्या सीएकडून लेखी दर घ्या आणि आपले आकडे घाला. अर्धवेळ हिशेबनीस दरमहा ८ हजार, वर्षाचे ९६ हजार. वार्षिक ऑडिट २५ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९,५००. तीन हप्त्यांसाठी तीन उपयोगिता प्रमाणपत्रे, प्रत्येकी ३ हजार, जीएसटीसह १०,६२०. हिशेबाची संगणक प्रणाली आणि तिची देखभाल १० हजार. करारासाठी मुद्रांक, नोटरी आणि डिजिटल सही मिळून ५ हजार. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या जागी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, तोही यातच धरला आहे. पुण्याच्या फेऱ्या १० हजार. एकूण १ लाख ६१ हजार १२० रुपये, म्हणजे १२ लाखांच्या अनुदानाच्या सुमारे १३ टक्के.

बहुतेक छोट्या संस्था हा खर्च अंदाजपत्रकात लिहीत नाहीत. ‘प्रशासकीय खर्च दिसला तर नाकारतील’ ही भीती असते. मग हिशेबनीस नेमला जात नाही, मार्चअखेर पिशवीभर पावत्या सीएकडे जातात आणि पुढच्या वर्षी तपासणीत संस्था नापास होते. हा खर्च स्वच्छ लिहा. कंपन्यांच्या निधीबाबत ५ टक्क्यांची जी मर्यादा सांगितली जाते, ती कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन खर्चावर आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चावर नाही. कंपनीचा अधिकारी तसे म्हणाला, तर नियम दाखवा. आणखी एक: कंपनी कायद्याच्या अनुसूची सातमध्ये न्यायसुधारणा असे वेगळे शीर्षक नाही. महिलांचे सक्षमीकरण आणि मागास घटकांची विषमता कमी करणे या शीर्षकाखाली प्रस्ताव बसवावा लागतो.

परदेशी निधीचा नियम वेगळा आणि कडक आहे. एफसीआरए नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख खर्च झालेले हवेत. प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि नियमांनुसार कायदेविषयक व व्यावसायिक फी प्रशासकीय खर्चात मोजली जाते. वकिलांच्या फीवरच चालणाऱ्या कामाला हे अडचणीचे आहे, तेव्हा अंदाजपत्रक आधी सीएला दाखवा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. शहरातल्या मोठ्या संस्थेमार्फत वेल्ह्यातल्या छोट्या गटाकडे येणारी वाट त्याने बंद झाली. माझे स्पष्ट मत आहे की तालुका पातळीवरच्या संस्थेने सध्या या वाटेला जाऊ नये.

तपासणारा काय पाहतो

अमेरिकेचे न्याय खाते अनुदान देण्याआधी अर्जदाराकडून आर्थिक व्यवस्थापन आणि अंतर्गत नियंत्रणाची सविस्तर प्रश्नावली भरून घेते: हिशेब कोण लिहिते, सह्या कोणाच्या, प्रत्येक अनुदान वेगळे दिसते का, कर्मचाऱ्याच्या वेळेची नोंद आहे का. आपल्याकडे शब्द वेगळे, प्रश्न तेच. तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, अंदाज आणि प्रत्यक्ष खर्चातला फरक, एकाच देणगीदारावर किती भिस्त आहे, विश्वस्तांच्या नातेवाइकांना दिलेले पैसे, टीडीएसची थकबाकी. वकिलाला वर्षात ५० हजारांहून जास्त फी दिली, तर १० टक्के टीडीएस कापावा लागतो. विवरणपत्राला उशीर झाला की दिवसाला २०० रुपये दंड. एका माणसाला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च आयकरासाठी धरला जात नाही.

सीएच्या सहीखाली यूडीआयएन क्रमांक आहे का, हे पाहाच. २०१९ पासून सीएच्या प्रत्येक प्रमाणपत्राला तो लागतो आणि सीए संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. शिक्का आहे पण क्रमांक नाही, असे प्रमाणपत्र जोडू नका.

वाड्या-वस्त्यांवरच्या खर्चाचे व्हाउचर हा आपल्या भागातला नाजूक मुद्दा. कातकरी पक्षकाराला कोर्टात येण्यासाठी दिलेल्या गाडीभाड्याला छापील पावती मिळत नाही. साधे व्हाउचर करा: नाव, गाव, तारीख, कोर्टातले काम, रक्कम, सही किंवा अंगठा, आणि संस्थेबाहेरच्या एका साक्षीदाराची सही. ५ हजारांवरच्या रोख पावतीला एक रुपयाचे महसूल तिकीट. इतके असले की तपासणारा ते मान्य करतो.

पक्षकाराच्या पैशांबाबत तडजोड नको. जामिनाची, नुकसानभरपाईची किंवा दंडाची रक्कम संस्थेच्या खात्यात कधीही घेऊ नका. पगार लांबले की तीच रक्कम आधी हाताशी येते आणि त्यातून चांगली माणसेही अडकतात. ज्याला जामिनाचे पैसे भरता येत नाहीत, त्याच्यासाठी २०२३ पासून केंद्राची गरीब कैदी साहाय्य योजना आहे. तिचा निर्णय जिल्ह्यातली अधिकारप्राप्त समिती घेते. संस्थेचे काम अर्ज पोहोचवण्याचे.

सही करण्याआधी

केंद्राच्या अनुदानात, उदाहरणार्थ न्याय विभागाच्या ‘दिशा’ योजनेसारख्या कायदेजागृतीच्या कामांत, सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ लागू होतात. संस्थेला बंधपत्र द्यावे लागते. अटी मोडल्या तर रक्कम १० टक्के व्याजासह परत करण्याची जबाबदारी कार्यकारी मंडळाच्या सदस्यांवर एकत्र आणि प्रत्येकावर स्वतंत्रपणेही येते. हे विश्वस्तांना मराठीत समजावून सांगा. नावापुरते विश्वस्त झालेल्या गावातल्या शिक्षकाला किंवा माजी सरपंचाला हे माहीत असण्याचा हक्क आहे. अनुदानावर बँकेने दिलेले व्याजही सरकारचे असते. ते वेगळे दाखवून परत करायचे असते.

पैसा देणाऱ्या कंपन्यांना आणि न्यासांना एक विनंती. ऐपत तपासा, जरूर तपासा. पण कमी पडलेल्या संस्थेला नुसते नाकारू नका. पहिल्या वर्षी हिशेबनिसाचा पगार आणि ऑडिटची फी द्या, पहिला हप्ता ५० टक्के ठेवा, आणि प्रकल्प बंद करताना चालू प्रकरणे तालुका विधी सेवा समितीकडे सोपवण्याचा तीन महिन्यांचा खर्च करारातच धरा.

संस्थेची तयारी अजून कमी असेल, तर अनुदानाविनाही काम सुरू करता येते. भोरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. तुमचे कार्यकर्ते तिथे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवू शकतात. मदतीचा दूरध्वनी क्रमांक १५१००, आणि त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत.