स्थान आणि वाट : उपग्रहीय दिशादर्शन व जुन्नर-आंबेगावचा परिसर

प्रस्तावना

नारायणगावच्या बसस्थानकावर उतरलेल्या एखाद्या परगावच्या माणसाने पंचवीस वर्षांपूर्वी वडगावची वाट विचारली असती, तर त्याला आधी प्रतिप्रश्न आला असता : “कोणतं वडगाव?” जुन्नर तालुक्यात वडगाव आनंद आहे, वडगाव कांदळी आहे, वडगाव सहानी आहे, शेजारच्या आंबेगाव तालुक्यात वडगाव काशिंबेग आहे. नेमके गाव कळल्यावर मग वाट सांगितली गेली असती. फाट्यावर उतरा, ओढा ओलांडा, पारापासून उजव्या हाताला वळा, आणि पुढे कुणालाही विचारा. आज तोच माणूस खिशातून फोन काढतो आणि कुणालाही न विचारता निघतो. क्वचित चुकीच्या वडगावला पोहोचतोही.

या घटकात आपण उपग्रहीय दिशादर्शनाचे तंत्र कसे चालते, त्याने आपल्या प्रवासात व नित्य व्यवहारात काय बदलले, आणि वाट सांगण्याच्या मराठीशी त्याचा काय संबंध आहे, हे पाहणार आहोत. ‘मी कोठे आहे?’ आणि ‘मी तेथे कसा जाऊ?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उपग्रह त्यांपैकी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देतो. हा भेद ध्यानात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

उपग्रह बोलतो, फोन ऐकतो

‘उपग्रहाला आपण दिसतो’ असा एक समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. दिशादर्शनाचा उपग्रह आपल्याकडे पाहत नाही, आपण कोठे आहोत हे त्याला ठाऊकही नसते. ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि आता इतके वाजले आहेत’ एवढेच तो अखंड सांगत असतो. अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तेथून निघालेला संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी त्याला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग एवढा वेळ लागतो. संदेशाला किती वेळ लागला यावरून फोन उपग्रहाचे अंतर काढतो. अशी किमान चार अंतरे हाती आली, की फोनला स्वतःचे स्थान ठरवता येते. तीन अंतरे स्थानासाठी पुरतात. चौथे लागते ते फोनच्या साध्या घड्याळातील चूक काढून टाकण्यासाठी. उपग्रहांवर अणुघड्याळे असतात, आणि ती का असावी लागतात हे एका आकड्यावरून कळते : वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक होते.

ही प्रणाली मुळात लष्करी. तिची आखणी १९७३ मध्ये सुरू झाली, पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. नागरिकांना मिळणारा संदेश पुढे बराच काळ हेतुपुरस्सर ढोबळ ठेवला जाई. मे २००० मध्ये ते बंधन उठले आणि सामान्य ग्राहकाच्या हातातील यंत्राला दहा-वीस मीटरपर्यंतची अचूकता लाभली. भारताने स्वतःच्या प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला, सातवा एप्रिल २०१६ मध्ये. या प्रणालीचे नाव ‘नाविक’. समुद्रावरच्या माणसाचा हा शब्द आता कांद्याच्या गाडीलाही वाट दाखवतो, ही नामकरणातील गंमत भाषेच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावी. सात उपग्रह पाठवून काम संपले नाही, हेही सांगायला हवे. काही उपग्रहांवरील अणुघड्याळे बंद पडली आणि नव्या पिढीचे उपग्रह पाठवणे भाग पडले. घड्याळ बिघडले की उपग्रह आकाशात असूनही दिशादर्शनाच्या कामाचा राहत नाही.

याच संदेशांची दुसरी बाजू जुन्नर तालुक्यात पाहायला मिळते. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या अत्यंत क्षीण लहरी ती टिपते. ‘नाविक’ आणि जीपीएस यांचे काही संदेश याच दुर्बिणीच्या वरच्या कंप्रतापट्ट्यात येतात. आपल्याला वाट दाखवणारा आवाज तेथील खगोलशास्त्रज्ञांच्या लेखी गोंगाट ठरतो. तो गाळूनच त्यांना काम करावे लागते.

बदललेले व्यवहार

प्रवासातील सोय आपणा सर्वांच्या अनुभवाची आहे; तिच्यावर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. त्याहून खोल बदल शेताच्या बांधावर झाला आहे. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतःच्या गटात उभा राहून पिकाचे छायाचित्र काढतो, त्याबरोबर अक्षांश-रेखांश नोंदले जातात आणि सातबाऱ्यावर पीक चढते. जी नोंद पूर्वी तलाठ्याच्या हातची होती, ती आता शेतकरी स्वतः करतो. मात्र डोंगरकपारीच्या गावात स्थान मिळते आणि नोंद पाठवायला नेटवर्क मिळत नाही, असे घडू शकते. वर सांगितलेला भेद येथे उपयोगी पडतो. स्थान ऐकायला इंटरनेट लागत नाही. ते दुसऱ्याला कळवायला लागते.

दुसरे उदाहरण बिबट्याचे. उसाच्या आश्रयाने राहणारे बिबटे जुन्नर-आंबेगावकरांना नवे नाहीत; माणिकडोह येथे बिबट निवारण केंद्रच आहे. पकडून दूर सोडलेला बिबट्या तेथेच राहील, असे पूर्वी गृहीत धरले जाई. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका प्रौढ नर बिबट्याला गळपट्टा बांधून माळशेज घाटाच्या परिसरात सोडण्यात आले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या संशोधनाचा तो भाग होता. ‘आजोबा’ या नावाने ओळखला गेलेला हा बिबट्या तीन-साडेतीन आठवड्यांत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. गळपट्टा उपग्रहांचे संदेश ऐकून स्थान ठरवी, म्हणूनच हा प्रवास माणसाला कळला. वाट मात्र त्याची त्याने शोधली होती. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला.

स्थान कळले, पण वाट?

नाणेघाटाच्या माथ्यावर उभे राहावे. पायथ्याचे वैशाखरे समोर दिसते. फोनवर अंतर अवघे काही किलोमीटर. पण मधे सह्याद्रीचा कडा आहे. पायी उतरायचे तर तीच जुनी दगडी वाट. सातवाहनकाळी कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नरला चढत असे आणि त्या काळचा नागनिका राणीचा शिलालेख आजही तेथील लेण्यात आहे. गाडीने जायचे तर माळशेजचा मोठा वळसा. आंबेगाव तालुक्यातील आहुपे गावाचेही तसेच. कड्यावरून खोपिवली दिसते, परंतु घाटवाट ठाऊक असलेला माणूस सोबत नसेल तर त्या दिसण्याला अर्थ नाही.

शिवाय अरुंद घळीत आकाशाचा थोडाच भाग उघडा राहतो आणि संदेश कड्यांवर आपटून लांबच्या मार्गाने येतात. त्यामुळे अंतर चुकते आणि स्थान सरकते. पावसाळ्यात पाण्याखाली गेलेला फरशीपूल, बैलगाडीपुरती पाणंद, मुरूम वाहून गेलेला शिवरस्ता या गोष्टी उपग्रहाला कळण्याचे कारण नाही. नकाशावर त्या येतात त्या कुणा माणसाने नोंदल्या तरच. वडगावांना जोडलेली उपपदे किंवा ‘पिंपळगाव तर्फे म्हाळुंगे’ यातील ‘तर्फे’ हा जुन्या महसुली विभागाचा शब्द, हीसुद्धा पत्ता चुकू नये म्हणून भाषेने केलेली तजवीजच होती. ही उपपदे गाळून फोनमध्ये नाव घालणारा प्रवासी स्वतःहून ती तजवीज मोडतो.

आता एक दुःखद घटना. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. ही वार्ता बाहेर आली ती नित्याच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकामुळे. रोज दिसणारे गाव त्याला दिसले नाही. माळीणचे अक्षांश-रेखांश त्या सकाळी तेच होते. एखाद्या यंत्राने गाडी त्या बिंदूपर्यंत बिनचूक नेलीही असती. गाव तेथे नाही, हे ओळखायला मात्र ते गाव पाहिलेला माणूस लागला. त्यानंतर मदतीला धावणाऱ्या अनोळखी पथकांना दुर्गम वाडीचा नेमका बिंदू हवा असतो, आणि तेथे हेच तंत्र अमोल ठरते. दोन्ही ज्ञानांची गरज एकाच दिवशी कशी पडते, ते या प्रसंगातून समजून घ्यावे.

क्षेत्रीय कार्य

१. आपल्या घराचे अक्षांश-रेखांश फोनवर पाहून वहीत लिहा. जुन्नर शहर ढोबळमानाने १९.२ उत्तर, ७३.९ पूर्व असे सांगता येते. दशांशचिन्हापुढे एकच अंक असेल तर सुमारे अकरा किलोमीटरचा फरक पडू शकतो, पाच अंक असतील तर सुमारे एक मीटरचा. रात्री रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली तर फोनवर किती अंक सांगाल, ते ठरवा.

२. आता तीच वाट, जवळच्या फाट्यापासून घरापर्यंत, फोन न पाहता दहा वाक्यांत लिहा. नंतर घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीकडून तीच वाट तोंडी ऐका आणि तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. पाणंद, ताल, खिंड, माळ, ओहोळ यांसारखे जे शब्द आपल्या लेखनात आले नाहीत आणि तिच्या बोलण्यात आले, त्यांखाली रेघ ओढा. त्यांपैकी कोणती ठिकाणे फोनच्या नकाशावर सापडतात, ते शोधून दोन्ही उतारे संपर्कसत्राला घेऊन या.