साधे पेट्रोल की महाग पेट्रोल? इंजिनास योग्य इंधनाची निवड

दूध डेअरीवर पोचविणारी मोटारसायकल, पाठीवरचा फवारणी पंप, गवत कापण्याचे यंत्र, ओढ्यावरचा लहान पेट्रोल पंपसंच अशी पेट्रोलवर चालणारी साधने आज बहुतेक शेतकरी कुटुंबांत दिसतात. पेट्रोल पंपावर साध्या पेट्रोलशेजारीच अधिक दराचे पेट्रोल विकले जाते. महाग इंधन ते चांगले, त्याने इंजिनाची शक्ती व आयुष्य वाढते, अशी समजूत सर्वत्र आढळते. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहणे खर्चाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

ऑक्टेन अंक म्हणजे काय?

दोन्ही पेट्रोलांतील मुख्य फरक ऑक्टेन अंकाचा असतो. सिलिंडरमध्ये दट्ट्या पेट्रोल व हवेचे मिश्रण दाबतो, ठिणगी पडते आणि ज्वाला क्रमाने पसरते. इंधन हलके असल्यास ज्वाला पोचण्यापूर्वीच शेवटचा भाग उष्णतेने व दाबाने आपोआप पेटतो. त्याचा आघात दट्ट्यावर होऊन धातूवर ठोके पडल्यासारखा आवाज येतो. अशाने शक्ती घटते, इंजिन तापते आणि ठोके दीर्घकाळ चालू राहिल्यास दट्ट्या खराब होतो.

असे अवेळी पेटणे टाळण्याची इंधनाची क्षमता ऑक्टेन अंकाने दर्शवितात. आयसो-ऑक्टेन या द्रवास 100 व हेप्टेन या द्रवास 0 अंक देऊन ही मोजपट्टी ठरविली आहे. भारतात 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज-6 मानकांनुसार साध्या पेट्रोलचा अंक किमान 91 व उच्च प्रतीच्या पेट्रोलचा किमान 95 असावा, असे ठरले होते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ऑक्टेन अंक म्हणजे इंधनातील उष्णता किंवा शक्ती नव्हे. अंक वाढला म्हणून त्याच एक लिटरात अधिक जोर येत नाही.

कोणत्या इंजिनास काय लागते?

ज्या इंजिनात मिश्रण फार दाबले जाते, त्यास अधिक अंकाचे पेट्रोल लागते. काही मोठ्या मोटारी व जलद मोटारसायकली या प्रकारच्या असतात. त्यांच्या पुस्तिकेत 95 किंवा अधिक अंक सांगितला असल्यास तो पाळावा. तेथे काटकसर करू नये. परंतु 100 ते 125 सीसीच्या नेहमीच्या मोटारसायकली, फवारणी पंप व लहान पंपसंच हे सामान्यतः साध्या पेट्रोलसाठीच बनविलेले असतात. ज्या इंजिनात ठोके पडतच नाहीत, त्यास ते टाळणारे महाग इंधन देऊन लाभ होत नाही. ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. त्यास हा विचार लागू नाही.

एथेनॉलमिश्रित पेट्रोल

उसापासून व धान्यापासून तयार होणारे एथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते. 2025 साली हे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत पोचले. एथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन अंक शंभराहून अधिक असल्याने साध्या पेट्रोलचाही अंक वाढला आहे. मात्र एक लिटर एथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच उष्णता असते. म्हणून मायलेज थोडे घटते. शिवाय एथेनॉल पाणी शोषून घेते. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या डब्यात साठविलेल्या पेट्रोलमध्ये पाणी शिरल्यास पाणी व एथेनॉल तळाशी वेगळे होतात आणि यंत्र सुरू होत नाही. जुन्या यंत्रांतील काही रबरी नळ्याही एथेनॉलने खराब होतात. महाग पेट्रोल घेतल्याने एथेनॉल टळते, असे गृहीत धरू नये.

खर्चाचा हिशेब

समजा, साधे पेट्रोल 104 रुपये व महाग पेट्रोल 112 रुपये लिटर आहे. मोटारसायकल एका लिटरात 50 किलोमीटर जाते व महिन्यास 1000 किलोमीटर फिरते. महिन्यास 20 लिटर लागतात. म्हणजे महाग पेट्रोलाचा जादा खर्च महिन्यास 160 व वर्षास 1920 रुपये होतो. हा खर्च भरून निघण्यास त्याच गाडीने लिटरमागे सुमारे 54 किलोमीटर जावयास हवे. हे पडताळणे अवघड नाही. टाकी काठोकाठ भरून अंतर लिहून ठेवावे, पुन्हा तेवढीच भरावी व लागलेल्या लिटरांनी अंतरास भागावे. प्रत्येक पेट्रोलावर तीन वेळा मोजून सरासरी काढावी. फरक न दिसल्यास तीच रक्कम वेळेवर वंगण तेल, हवा गाळणी व स्पार्क प्लग बदलण्यावर खर्च करणे अधिक हिताचे होय.

ठोके पडू लागल्यास

साध्या पेट्रोलवर चांगली चालणारी गाडी अचानक ठोके देऊ लागली, तर लगेच महाग पेट्रोलाकडे वळू नये. सिलिंडरमध्ये साचलेली काजळी, चुकीचा स्पार्क प्लग, बिघडलेला टायमिंग किंवा इंजिनाचे अति तापणे ही कारणे आधी तपासावीत. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असली तरी ठोके पडतात, कारण रॉकेलचा ऑक्टेन अंक फार कमी असतो. शंका आल्यास पंपावर गाळणकागद मागून त्यावर पेट्रोलाचा एक थेंब टाकावा. शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडून जाते. डाग राहिल्यास भेसळीचा संशय घ्यावा.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

1. यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्या अंकाचे पेट्रोल वापरावे. त्याहून कमी नको आणि जास्तही विनाकारण नको.

2. दोन स्ट्रोकच्या यंत्रात वंगण तेल पुस्तिकेतील प्रमाणातच मिसळावे. महाग पेट्रोल हे तेलाची जागा घेत नाही.

3. पेट्रोल गरजेपुरतेच आणावे व घट्ट झाकणाच्या योग्य डब्यात, घरातील चुलीपासून दूर ठेवावे.

4. हंगाम संपल्यावर फवारणी पंपाची टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. पुढच्या हंगामात यंत्र विनातक्रार सुरू होईल.